चुलीवर ठेवलेला आवाज

माझी बायको बोलते ती कॉम्प्युटरवरून. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर एका पत्र्याच्या डब्यापायी हा माणूस एवढा कशाला भ्याला, असं वाचणाऱ्याला वाटायचं.

तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आतला आवाजाचा सगळा भाग काढावा लागला. आता ती नाकातोंडानं श्वास घेत नाही. मानेच्या पुढं, खालच्या बाजूला डॉक्टरांनी एक भोक ठेवलंय, त्यातनं घेते. त्यावर पातळ फडकं बांधलेलं असतं. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या एका बाईंनी आम्हाला समजावलं होतं, की आवाज जाणार हे ठरलेलं आहे, तर जाण्याआधी भरून ठेवा. मुलीच्या शिक्षणाला घेतलेला कॉम्प्युटर घरात होताच. मुलगी आता बेळगावला सासरी असते. तिनं येऊन त्यात एक प्रोग्रॅम घालून दिला, माइक लावून दिला. मग बायको रोज भांडी आवरली की माइकपुढं बसायची आणि दुखऱ्या गळ्यानं एकेक वाक्य बोलायची. जेवायला चला. गाय दावं तोडून गेली बघा. कुठं उलथला होता एवढा वेळ. असली वाक्यं. मी बाहेर पडवीत बसून ऐकायचो आणि तिला दिसू नये म्हणून तोंड फिरवायचो.

आता ती पहिली दोन अक्षरं मारते, वाक्य पडद्यावर येतं, बटण दाबलं की स्पीकरमधनं तिचा आवाज येतो. मशीनचा नाही, तिचाच. मी गोठ्यात असलो तरी ऐकू यावा एवढा मोठा करून ठेवते. आमच्या ओळखीचे येतात, ऐकतात आणि स्पीकरकडं बघत राहतात. मला तर सवयच झाली. स्पीकरमधनं शिव्या खाणारा आमच्या या गुंद गावाच्या बाजूला मी एकटाच असेन.

फोनमध्ये का नाही ठेवलं, असं शहरातले विचारतात. ठेवलं होतं थोडं. पहिल्याच पावसाळ्यात फोनच्या आत पाणी धरलं आणि तो गेला. नेटवर ठेवायचं म्हणाल तर आमच्या घरापाशी साधी रेंज नसते. बोलायचं झालं तर मागच्या टेकाडावर चढावं लागतं, तिथं जळवांना रक्त देत बोलावं लागतं. तर सगळा आवाज त्या एका डब्यात. आणि मुलीनं त्याची एक नक्कल करून दिली होती, तळहाताएवढ्या काळ्या डिस्कवर. जाताना म्हणाली, "बाबा, हे जपून ठेवा हं. ओल लागू देऊ नका."

ओल लागू देऊ नका. आमच्याकडं. जिथं पावसाळ्यात चपलांवर बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या साड्यांना वास मारतो. आमच्या घरात पावसाळ्यात कोरडी राहणारी जागा एकच, चुलीवर टांगलेली बांबूची ताटी. तिथं काकडीचं, दुध्याचं बी राखेत घोळवून ठेवतात. आमसोलं असतात, सुके बांगडे असतात, घोटं, म्हणजे छोटे रानआंबे, वाळवलेली असतात. बायकोनं डिस्क फडक्यात बांधली आणि बियाण्याच्या गाठोड्याशेजारी ठेवून दिली. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मीही तिथंच ठेव म्हटलं असतं. बी जिथं वर्षभर जिवंत राहतं तिथं दुसरं काय मरणार, असा आमचा सरळ हिशोब.

या श्रावणात पडद्यावर रोज एक इंग्रजी सूचना यायला लागली. मी शब्द जुळवून जुळवून वाचली. कॉम्प्युटरची सिस्टिम जुनी झाली आहे, नवी घाला, नाहीतर हा प्रोग्रॅम पुढं चालणार नाही. मी मुळात भित्रा माणूस. दुसरा असता तर बंद पडेपर्यंत वापरत बसला असता. मी त्या दिवसापासनंच दिवस मोजायला लागलो. गणपतीच्या चवथीला मुलगी नातवाला घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडं येणार होती. आजीनं त्याच्याशी बोलायला नको काय? त्याच दिवसात प्रोग्रॅम बंद पडला तर? म्हणून म्हटलं, आधीच करून टाकू.

रामनगरला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक आहे. मूळचा खानापूरकडचा, दुकान इकडं. त्यानं नवी सिस्टिम पेनड्राइव्हवर घालून दिली आणि विचारलं, "काका, बॅकअप हाय न्हवं?"

"हाय की," मी म्हणालो. "चांगला जपून ठेवलाय."

ऊन पडलेला दिवस बघून मी काम सुरू केलं. पडद्यावर आकडा हळूहळू चढत होता. बायको शेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. दुपारी एकदम वारं सुटलं आणि नंदिगड्ड्याच्या बाजूला कुठंतरी लायनीवर झाड पडलं. करंट गेला. कॉम्प्युटरखालचा यूपीएस थोडा वेळ कुंईकुंई करत राहिला आणि तोही विझला. आमच्याकडं झाड पडलं की करंट लगेच येत नसतो. मी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पाण्यावर चालणारी आमची लाईट जोडली आणि कॉम्प्युटर परत चालू केला. काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ. पुढं काही नाही. जुनी सिस्टिमही नाही, नवीही नाही.

मी बटण परत परत दाबत राहिलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे चुलीकडं बोट केलं. वरती. आहे की तिथं, घाबरताय कशाला, असा तिचा चेहरा.

मी गाठोडं खाली काढलं. फडकं डांबरासारखं कडक झालं होतं. डिस्कवर काजळीचा असा थर की नखानं खरवडावा लागला. पुसून, फुंकून कसंबसं जोडलं. आतनं टक टक आवाज आला, मग तोही बंद झाला. मी काढलं, परत लावलं, उलटं धरून लावलं. बायको उठली आणि माझ्या हातातनं ते घेऊन पदरानं पुसत बसली. पुसतच बसली. तिच्या डोळ्यांत तेव्हा मी जी भीती बघितली ती ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नव्हती. त्या दिवशी तिला निदान ठाऊक होतं की आवाज घरी ठेवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून रामनगर गाठलं. दुकानदारानं डिस्क हातात घेऊन वास घेतला. "काका, ह्याला धुरी दिलासा काय? सुक्या बांगड्यागत वास यायलाय."

एरवी मी त्याला तिथंच झाडला असता. माझं नाव तापट म्हणूनच आहे. पण त्या दिवशी मी त्याच्यापुढं हात जोडले. आत काय आहे ते मी सांगितलं तेव्हा त्याची चेष्टा थांबली. डिस्क उघडून बघितली आणि मान हलवली. उष्णतेनं आणि धुरानं आतला भाग कामातनं गेला होता.

"ही गेली," तो म्हणाला. "खरं कॉम्प्युटरच्या आतला माल अजून असणार. हा पेनड्राइव्ह लावून चालू करा, जुन्या सिस्टिमवर परत जायचं म्हणून विचारतंय, तिथं व्हय म्हणा. मधीमधी आणि विचारंल, तिथंबी व्हय म्हणा. जुनी परत आली की सगळं जसंच्या तसं मिळंल. खरं एक हाय. मधी करंट गेला तर मग मला काय सांगता येत न्हाई."

"मीच इकडं घेऊन आलो तर?"

"आज मी गावाकडं चाललोय. चवथ झाल्यावरच दुकान उघडतो. तवर थांबा, माझं ऐकाल तर."

मी थांबतो म्हणून सांगून परत आलो. पण घरी थांबणार कोण? करंट अजून आला नव्हता आणि बायकोनं पाटी काढून ठेवली होती. कॉम्प्युटर बंद असला की ती पाटीवर लिहून सांगते. तिनं लिहिलं, 'बाळाला माझा आवाज.' एवढंच. पुढं लिहायला जागा होती, पण लिहिलं नाही. मी म्हटलं, बरं.

आता पाण्याच्या लाईटचं सांगायला पाहिजे. आमच्या घराच्या वरच्या अंगाला व्हाळ आहे. तिथं दगडांचा छोटा बांध घालून पाणी अडवलंय. बांधाच्या तोंडाशी पाइप, पाइपाच्या तोंडाला जाळी. पाणी पाइपातनं खाली घरामागं येतं आणि तिथं बसवलेलं छोटं टर्बाइन फिरवतं. त्यावर दोन बल्ब आणि कॉम्प्युटर चालतो. पावसाळाभर जोर असतो. भानगड एकच, वारं असलं की जाळीवर पालापाचोळा येऊन बसतो, पाणी आटतं आणि बल्ब हळूहळू मंद होत विझतो. म्हणून महत्त्वाचं काम असलं की एकानं वर बसून पानं काढत राहायचं. हे काम माझं. पण त्या दिवशी कॉम्प्युटरचे इंग्रजी प्रश्न वाचून उत्तर द्यायलाही मीच पाहिजे होतो. तिला इंग्रजी येत नाही.

तिनं कांबळं डोक्यावर घेतलं आणि मला हातानं खुणावलं, तुम्ही बसा.

"अगं, पाण्यात उतरू नकोस," मी म्हणालो. "काठावरनंच काढ. ऐकलंस न्हवं?"

डॉक्टरांनी तिला पाण्याचं फार भय घातलं होतं. त्या भोकात पाणी गेलं तर माणूस कमरेएवढ्या पाण्यातही बुडतो. आंघोळ करतानासुद्धा ती मानेवर हात धरते. तिनं माझ्याकडं बघून हात उडवला, ठाऊक हाय म्हणून, आणि गेली.

दुपार होती, पण आभाळ एवढं खाली आलं होतं की बल्बाशिवाय घरात दिसत नव्हतं. मी पेनड्राइव्ह लावला, व्हय म्हटलं, परत व्हय म्हटलं. पडद्यावर आकडा आला आणि खाली सूचना, कॉम्प्युटर बंद करू नका. जसा काही मी हौसेनं बंद करणार होतो. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, चुकून कुठं लागायला नको. पाऊस वाढला. कौलांवर असा कोसळत होता की पंख्याचा आवाजही येईना. देवाला नारळ बोलून झाला. मग दुसऱ्या देवालाही बोललो. कॉम्प्युटरशीही बोललो, चल बाबा, चल, आणि थोडं.

एकदम बल्ब मंद झाला. यूपीएस ओरडला. मी अर्धा उठलो तेवढ्यात बल्ब परत उजळला. पान आलं असेल, तिनं काढलं असेल. बसलो. परत मंद. परत उजळला. तिसऱ्यांदा तर जवळजवळ विझलाच आणि मग भक्कन आला. माझं डोकं सणकलं. दारात जाऊन ओरडलो, "अगं, काय खेळ मांडलायस? हात काढ की जाळीवरनं."

पावसात माझाच आवाज मला ऐकू आला नाही. मग सवयीनं तोंडाला हात लावून एक लांब कू घातली. आमच्या रानात माणूस दिसत नसला की अशी हाक घालतात आणि तिकडनं तशीच कू आली की समजायचं, ठीक आहे. तिकडनं काही आलं नाही. येणार कुठनं? मी परत खुर्चीवर येऊन बसलो. आकडा शेवटाकडं आला होता.

बल्ब परत मंद झाला. उजळला. मंद झाला. उजळला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. पालापाचोळ्यानं बल्ब असा होत नाही. पानं साठत जातात आणि बल्ब खाली खाली जातो, तो आपला आपण वर येत नाही. कुणीतरी जाळी झाकतंय आणि सोडतंय. आणि वर तर तीच आहे. या डब्यात काय आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? करंट टिकावा म्हणून ती वर बसली होती. तीच तो असा तोडायली म्हणजे तिला दुसरा इलाज राहिला नव्हता. ती मला हाक मारत होती.

मी उठलो. खोटं कशाला बोलू, उठता उठता पडद्याकडं बघितलं. कॉम्प्युटर बंद करू नका. मग धावत सुटलो.

वाट चिखलाची, मी दोनदा आपटलो. व्हाळ लाल होऊन फुगला होता. बांधावरचा एक मोठा दगड घसरला होता, वरनं एक ओंडका वाहत येऊन त्याला अडकला होता आणि त्या दोघांच्या मधी तिचा पाय. ती छातीपर्यंत पाण्यात बसली होती. हनुवटी वर केलेली, एक हात मानेच्या फडक्यावर घट्ट. दुसऱ्या हातात कांबळ्याचं टोक, ते जाळीवर टाकत होती आणि ओढत होती. माझ्याकडं बघून तिचे ओठ हलत होते. अहो, अहो. आवाज कसलाच नाही. ती तशी किती वेळ बसली होती, देव जाणे. मी खुर्चीत बसून तिच्यावरच चिडलो होतो तोही वेळ त्यात आला.

मी पाण्यात उडी घातली. दगड हलेना. ओंडका हलेना. पाणी तिच्या हाताच्या कोपरापर्यंत आलं होतं, एखादी लाट आली की फडक्याला लागेल एवढ्यावर. एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, बांध फोडायचा. बांध फुटला की पाणी झपकन खाली जाणार आणि पाइपही कोरडा पडणार.

मी पहिला दगड उपटला तशी तिनं माझं मनगट धरलं. मान हलवून नको नको करायला लागली. पाइपाकडं दाखवायला लागली, मग खाली घराकडं. मी तिच्यावर ओरडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. तुझा आवाज चुलीत घाल म्हणालो, मला तू पाहिजेस म्हणालो, हात सोड म्हणालो. ती रडत होती आणि सोडत नव्हती. शेवटी मी तिची बोटं एकेक करून उघडली.

बांध फुटला. पाणी तिच्या छातीवरनं कमरेवर आलं, मग मांडीवर. ओंडक्याचा भार कमी झाला तसा मी खांदा लावून तो सरकवला आणि तिचा पाय सुटला. सालपटून निघाला होता, पण मोडला नव्हता. आम्ही काठावर बसलो. खाली झाडांतनं आमच्या दारातला बल्ब दिसतो, तो विझलेला होता. ती तिकडंच बघत होती.

चवथीला मुलगी आली. बायकोनं नातवाला मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडं बघून ओठ हलवत राहिली. मुलगी आत जाऊन रडून आली. लायनीवरचा करंट तोवर आला होता, पण कॉम्प्युटरचं बटण दाबायची माझी छाती झाली नाही. गणपती पोचवल्यावर तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी रामनगरला गेलो.

आवाज मिळाला. दुकानदारानं तो आधी वेगळा काढून घेतला, तीन ठिकाणी भरला, मगच नवी सिस्टिम घातली. घरी आणून जोडलं तेव्हा बायकोनं मला खुणेनं बाहेर बसायला सांगितलं आणि सगळी वाक्यं पहिल्यापासनं लावून ऐकली. मला वाटलं, सगळी आहेत काय ते बघतेय. मग दारातनं बघताना लक्षात आलं, ती काहीतरी शोधतेय. वर जातेय, खाली येतेय, अक्षरं मारतेय, पुसतेय. शेवटी पाटी घेतली आणि माझ्यापुढं धरली. 'त्या दिवसासारखं एकपण न्हाई.'

मीही बसून बघितलं. जेवण होतं, गाय होती, पाऊस होता, पाहुण्यांना या बसा होतं, मला घालायच्या शिव्या तर हव्या तेवढ्या. पण मी अडकलेय, मला वाचवा, लवकर या, असलं एकही वाक्य आम्ही भरलं नव्हतं. तेव्हा कुणाच्या मनातच आलं नाही. आणि आता ते कितीही कॉम्प्युटर आणले तरी तिच्या आवाजात भरता येणार नाही.

व्हाळावर आता मी तिला जाऊ देत नाही. ती जाते. आमच्याकडं करंट दिवसातनं कितीतरी वेळा डुलतो, वाऱ्यानं, फांदीनं, काही नसतानाही. बल्ब जरा मंद झाला की मी हातातलं टाकून उठतो, घरभर बघतो, मागच्या दारात जातो आणि हाक मारतो. ती बहुतेक वेळा तिथंच कुठंतरी असते, विहिरीपाशी नाहीतर चुलीपुढं. पण ती दिसेपर्यंत मी हाका मारत राहतो, आणि प्रत्येक हाकेनंतर कान देऊन थांबतो.